वाचकांचे प्रश्न : पॉलिप निघाला, आता कोड कुठला?

मागच्या अंकात म्हटलं होतं की पोटाच्या कोडिंगबद्दल, म्हणजे आपल्या भाषेत जीआय, काय अडतंय ते पाठवा, तर आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीवर, मोठ्या आतड्यातले बिनाइन पॉलिप, म्हणजे कॅन्सर नसलेले उंचवटे. साहजिकच आहे म्हणा, पुण्यात, नवी मुंबईत, नागपूरला बसून अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट कोड करणाऱ्यांच्या (म्हणजे पेशंटच्या कागदांवरून निदानाला आणि प्रोसिजरला बिलासाठी कोड लावणाऱ्यांच्या) क्यूमध्ये कोलोनोस्कोपी रोजचीच. या क्षेत्राबाहेरची दोन पत्रंही घेतलीयेत, एक न्यू जर्सीतल्या एडिसनहून आणि एक साताऱ्याहून. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : ताई, मी बीएचएमएस, सध्या पुण्यात कोडिंग ट्रेनी आहे. एका चार्टला मी के६३.५ लावला तर ऑडिटमध्ये एरर आली, म्हणे डी१२.५ पाहिजे होता. डॉक्टरांच्या नोटमध्ये स्वच्छ "पॉलिप, सिग्मॉइड कोलन" लिहिलंय, आणि के६३.५ म्हणजे पॉलिप ऑफ कोलनच ना? वर बिनाइन गाठीला कॅन्सरच्या चॅप्टरमधला कोड कसा काय?

तुमचा राग समजतो, पण ऑडिटर बरोबर आहे. चार्टमध्ये अजून एक कागद असणार, पॅथॉलॉजीचा, तो तुम्ही उघडलाच नाही असं दिसतंय.

स्कोप घालणारा डॉक्टर डोळ्याला दिसतं ते लिहितो, की इथं एक उंचवटा आहे, एवढा मोठा, देठाचा आहे का बसका आहे. तो नक्की कसला हे मायक्रोस्कोपखाली बघूनच कळतं आणि ते लिहितो पॅथॉलॉजिस्ट. आता आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे अमेरिकेत चालणाऱ्या निदानांच्या कोडयादीच्या, गाईडलाइन्समध्ये आउटपेशंटसाठी सरळ सांगितलंय की टेस्ट डॉक्टरनं वाचलेली असेल आणि फायनल रिपोर्ट कोडिंगच्या वेळी हातात असेल तर त्यातलं पक्कं निदान कोड करा, आणि पॅथॉलॉजिस्ट हा डॉक्टरच असतो, त्यामुळे त्याच्या रिपोर्टवरून कोड लावायला कोणाची परवानगी लागत नाही. रिपोर्टमध्ये ट्युब्युलर अडेनोमा आलं की डी१२, हायपरप्लास्टिक पॉलिप आलं की के६३.५, आणि तोच हायपरप्लास्टिक रेक्टममधला असेल तर के६२.१. (हे फक्त आउटपेशंटपुरतं हां. पेशंट अ‍ॅडमिट असेल तर नुसत्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरून कोड लावता येत नाही, ट्रीटिंग डॉक्टरनं ते निदान स्वतःच्या नोटमध्ये मान्य केलेलं पाहिजे, नाहीतर क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न. आउटपेशंटमधून इनपेशंट टीममध्ये गेलेली मंडळी पहिले काही आठवडे हमखास इथंच आपटतात.)

आता चॅप्टरचं. चॅप्टर दोन नुसता कॅन्सरचा नाहीये, तो निओप्लाझमचा आहे, सी००पासून डी४९पर्यंत, आणि त्यातला डी१० ते डी३६ हा पट्टा बहुतांशी बिनाइनचाच. अडेनोमा म्हणजे ग्रंथीच्या पेशींची नवीन वाढ, आज निरुपद्रवी असली तरी वर्षानुवर्षं तशीच राहिली तर त्यातल्या काही कॅन्सरकडे जातात, म्हणून ती निओप्लाझमच्या घरात. साधा हायपरप्लास्टिक त्या जातीचा नाही म्हणून तो पचनसंस्थेच्या आजारांत, के चॅप्टरमध्ये. दोन्ही बिनाइनच, दोन्ही पॉलिपच, पण कोडच्या दृष्टीनं गावं वेगळी.

खरी अडचण तुमच्या पत्रात नाहीये पण मला माहितीये, ती म्हणजे प्रॉडक्शन. पॅथॉलॉजी यायला काही दिवस लागतात, तोवर चार्ट क्यूमध्ये लाल दिसायला लागतो आणि टीम लीड म्हणतो उरकून टाक. माझं मत स्पष्ट आहे, चार्ट होल्डवर टाका. घाईत के६३.५ लावून क्लेम पाठवला आणि नंतर अडेनोमा निघाला तर करेक्टेड क्लेम पाठवावा लागतो, आणि तो कोणीही पाठवत नाही हे आपल्याला सगळ्यांना माहितीये. मग त्या पेशंटच्या रेकॉर्डला चुकीचा पॉलिप चिकटतो तो चिकटतोच. नमुना हरवला, लॅबला पाठवलाच नाही, रिपोर्ट येणारच नाही असं लिहिलेलं असेल तर मात्र के६३.५ बरोबर, कारण मग पॉलिप एवढंच ठाऊक आहे.

प्रश्न : पॅथॉलॉजी पेंडिंग असताना आमच्याकडे सीनियर डी३७.४ लावायला सांगतात, "अनसर्टन बिहेव्हियर" म्हणजे अजून नक्की नाही. चालतं का? (नवी मुंबई)

अजिबात चालत नाही, आणि सीनियरना हे पान दाखवा. अनसर्टन बिहेव्हियर हा पॅथॉलॉजिस्टचा निष्कर्ष असतो, त्यानं स्लाइड बघितली आणि तरीही बिनाइन का मॅलिग्नंट हे ठामपणे सांगता येत नाही असं लिहिलं तरच डी३७.४. आपल्याला अजून रिपोर्ट मिळाला नाही ही आपली अनिश्चितता झाली, पेशंटच्या गाठीची नव्हे. पेशंटच्या विमा रेकॉर्डवर हा कोड गेला की पुढं काय काय प्रश्न निघतात ते त्या बिचाऱ्यालाच निस्तरावे लागतात.

प्रश्न : डॉक्टर "पॉलिप अ‍ॅट २० सेंमी" एवढंच लिहितात. मी गुगलवर बघून सिग्मॉइड धरते. बरोबर ना? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. २० सेंटिमीटर म्हणजे गुदद्वारापासून आत गेलेल्या नळीची लांबी, आणि ती नळी आत सरळ असते का वेटोळी पडलीये ते आपल्याला बाहेरून कळत नाही, शिवाय माणसागणिक आतड्याची लांबी वेगळी. ते अंतर जागेत बदलायचं काम डॉक्टरचं, कोडरचं नाही. क्वेरी टाका. उत्तर आलंच नाही तर अडेनोमाला डी१२.६, कोलन अनस्पेसिफाइड, पण तो शेवटचा पर्याय म्हणून, सवय म्हणून नको. काही टीमांमध्ये डी१२.६चं प्रमाण बघितलं की कळतं क्वेरी टाकायचा कंटाळा किती आहे ते.

जागा लिहिलेली असेल तर मात्र सोपं आहे, सिकमला डी१२.०, असेंडिंगला डी१२.२, ट्रान्सव्हर्सला डी१२.३, डिसेंडिंगला डी१२.४, सिग्मॉइडला डी१२.५, रेक्टोसिग्मॉइड जंक्शनला डी१२.७, रेक्टमला डी१२.८. हिपॅटिक फ्लेक्शर आणि स्प्लेनिक फ्लेक्शर हे दोन्ही कोपरे डी१२.३मध्येच जातात, इथं नवीन लोक उगाच असेंडिंग-डिसेंडिंग करत बसतात. इलिओसिकल व्हॉल्व्हवरचा अडेनोमा सिकममध्ये.

प्रश्न : मी नागपूरहून एका अमेरिकन गॅस्ट्रो डॉक्टरची मेडिकल स्क्राइब म्हणून काम करते, ते बोलतात, मी टाइप करते. कोडिंग टीमकडून सारख्या क्वेऱ्या येतात आणि डॉक्टर माझ्यावर वैतागतात. नोटमध्ये नक्की काय पाहिजे असतं हो तुम्हा लोकांना?

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार, कारण स्क्राइब आणि कोडर एकाच देशात, कधी एकाच बिल्डिंगमध्ये बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

एक नमुना घेऊ. समजा बाईंचं वय ६८, मेडिकेअर (अमेरिकन सरकारचा ज्येष्ठांसाठीचा विमा), काही त्रास नाही, स्क्रीनिंगसाठी, म्हणजे लक्षण नसताना करायच्या तपासणीसाठी, आल्या. नोट अशी आली : "कोलोनोस्कोपी केली. दोन पॉलिप सापडले, काढले. पेशंटला त्रास झाला नाही." वाचायला सगळं ठीक, पण कोडिंगसाठी यात काहीही नाही. स्कोप का केली ते नाही, सिकमपर्यंत पोचली का ते नाही, पॉलिप कुठं होते ते नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कशानं काढले ते नाही. "काढले" या शब्दाला सीपीटीमध्ये (प्रोसिजरच्या कोडयादीत) कोड नाहीये, कोड आहे तो अवजाराला (फोर्सेप्स म्हणजे चिमटा, स्नेअर म्हणजे तारेचा फास, हॉट म्हणजे करंट लावलेला) आणि पद्धतीला.

आता तीच नोट अशी बघा : "सरासरी धोक्याच्या पेशंटची स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी, लक्षणं नाहीत. सिकमपर्यंत पोचलो, अपेंडिक्सचं तोंड दिसलं, फोटो काढला. बॉस्टन स्केलवर तयारी ८. सिकममध्ये ३ मिमी बसका पॉलिप, कोल्ड फोर्सेप्सनं पूर्ण काढला, जार ए. सिग्मॉइडमध्ये १२ मिमी देठाचा पॉलिप, हॉट स्नेअरनं काढला, जार बी. दोन्ही नमुने मिळाले." तीन वाक्यं जास्त, बस. मग पॅथॉलॉजी आली, जार ए हायपरप्लास्टिक, जार बी ट्युब्युलर अडेनोमा. आता कोडरला एकही प्रश्न विचारायची गरज नाही. पहिला डायग्नोसिस झेड१२.११ (मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग), कारण आल्या त्या स्क्रीनिंगला आणि आत काही सापडलं म्हणून येण्याचं कारण बदलत नाही, मग डी१२.५ आणि के६३.५. प्रोसिजर म्हणजे स्नेअरसाठी ४५३८५ आणि फोर्सेप्ससाठी ४५३८०, या दुसऱ्यावर ५९ मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) कारण पॉलिप वेगळा, जागा वेगळी, आणि मेडिकेअर आहे म्हणून दोन्हीवर पीटी मॉडिफायर. जारची अक्षरं एवढ्यासाठी महत्त्वाची की कुठला रिपोर्ट कुठल्या पॉलिपचा हे त्यावरूनच जुळतं, ती गाळली की दोन पॉलिप आणि दोन रिपोर्ट समोर असूनही जोड्या लावता येत नाहीत.

(के६३.५ खाली डी१२साठी एक्सक्लूड्स वनची (हे दोन एकत्र लावू नका अशी) नोट आहे, म्हणून काही कोडर दोन्ही एकत्र लावायला घाबरतात. एकाच पॉलिपला दोन्ही लावायचे नाहीत एवढाच त्याचा अर्थ, दोन वेगळे पॉलिप असतील तर एकमेकांशी संबंध नसलेल्या स्थितींसाठी गाईडलाइन्समध्येच अपवाद दिलेला आहे. क्लेम सिस्टिम तरी कधीकधी परत मारते, मग नोट जोडून पाठवायचं.)

अजून दोन-तीन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला. फोर्सेप्स म्हटलं तर कोल्ड का हॉट ते लिहायला सांगा, कोल्ड फोर्सेप्सनं अख्खा पॉलिप काढला तरी ४५३८०च, हॉट बायोप्सी फोर्सेप्स असेल तर ४५३८४. स्नेअर मात्र कोल्ड असो की हॉट, ४५३८५. पॉलिप किती काढले याला पैसे नाहीत, स्नेअरनं एक काढला काय आणि सात काढले काय, ४५३८५ एकदाच. एकाच पॉलिपवर आधी स्नेअर आणि उरलेला तुकडा फोर्सेप्सनं, तर फक्त ४५३८५, तिथं ५९ लावून दोन पैसे जास्त मिळवायला जाऊ नये, ऑडिटमध्ये पहिलं तेच उघडतात.

आणि ईएमआर, म्हणजे एंडोस्कोपिक म्युकोझल रिसेक्शन. डॉक्टरांना हा शब्द फार आवडतो. खाली सलाइन टोचून पॉलिप उचलला आणि स्नेअरनं कापला की ते बोलून मोकळे होतात "ईएमआर केली". ४५३९० लावायला तीन गोष्टी नोटमध्ये दिसल्या पाहिजेत, टोचून उचलणं, गाठीची हद्द आखून घेणं, आणि मग स्नेअरनं किंवा बँड लावून कापणं. हद्द आखल्याचं लिहिलं नसेल तर ते ४५३८१ आणि ४५३८५ होतं, ईएमआर होत नाही. डॉक्टर यावर चिडतील. चिडू द्या, तुम्ही फक्त विचारा की सर, डिमार्केशन केलं होतं का, केलं असेल तर टाइप करते. केलं नसेल तर टाइप करायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

प्रश्न : पॅथॉलॉजीत सबम्युकोझल लायपोमा आलाय, असेंडिंग कोलन. डी१२.२ ना? (ठाणे)

नाही, डी१७.५. चरबीच्या गाठींचं स्वतंत्र घर आहे आणि पोटाच्या आतल्या सगळ्या अवयवांच्या लायपोमाला तो एकच कोड.

प्रश्न : आम्ही एडिसनला राहतो. मिस्टरांना ४६ पूर्ण झाली म्हणून डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली, काही त्रास नव्हता. एक छोटा पॉलिप निघाला, बिनाइन आला, देवाची कृपा. पण आता चौदाशे डॉलरचं बिल आलंय. ऑफिसचा इन्शुरन्स आहे आणि स्क्रीनिंग फुकट असतं म्हणून तर गेलो होतो. इन्शुरन्सवाले म्हणतात पॉलिप काढला म्हणून ती आता डायग्नोस्टिक झाली. खरं आहे का?

नाही, आणि भरू नका एवढ्यात.

अमेरिकेत अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टखाली प्रिव्हेंटिव्ह स्क्रीनिंगला पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि २०२१च्या मे महिन्यात यूएसपीएसटीएफनं (प्रतिबंधक तपासण्यांबद्दल शिफारशी करणाऱ्या तिथल्या तज्ज्ञमंडळानं) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग ५०ऐवजी ४५पासून सुरू करायची शिफारस केल्यामुळे मिस्टर त्यात बसतात. स्क्रीनिंग चालू असताना सापडलेला पॉलिप काढणं हा स्क्रीनिंगचाच भाग आहे, त्याचे वेगळे पैसे लावायचे नाहीत, हे तिथल्या सरकारनं २०१३मध्ये लेखी स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे फोनवरचा माणूस सांगतोय ते चुकीचं. फक्त तुमचा प्लॅन ग्रँडफादर्ड, म्हणजे २०१०च्या कायद्याच्या आधीपासून तसाच चालत आलेला नाही ना हे एचआरला विचारून घ्या, त्या प्लॅनांना हा नियम नाही.

मग बिल का आलं? नव्वद टक्के वेळा कोडिंग असतं असं म्हणायचा मोह होतोय पण आकडा छातीठोक सांगता येणार नाही, तरी पहिला संशय तिथंच घ्या. डॉक्टरांच्या ऑफिसकडून दोन गोष्टी मागा, आयटमाइज्ड बिल आणि प्रोसिजर नोट. बिलावर पहिला डायग्नोसिस कोड झेड१२.११ आहे का बघा. तिथं डी१२चा काहीतरी किंवा के६३.५ पहिला असेल तर इन्शुरन्सच्या कॉम्प्युटरला स्क्रीनिंग दिसलेलंच नाही. दुसरं, ४५३८५ किंवा ४५३८०च्या पुढं ३३ हा मॉडिफायर आहे का बघा, खाजगी इन्शुरन्सला "हे प्रिव्हेंटिव्ह होतं" हे त्या दोन आकड्यांनी कळतं (मेडिकेअरला तेच काम पीटी करतो, आणि तिथं मात्र पॉलिप काढला तर २०२६पर्यंत १५ टक्के पेशंटला भरावे लागतात, २०२७पासून १०, आणि २०३०पासून शून्य, आई-वडिलांपैकी कोणी मेडिकेअरवर असेल तर हे लक्षात असू द्या). यातलं काही चुकलं असेल तर बिलिंग ऑफिसला करेक्टेड क्लेम पाठवायला सांगा. आणि सेंटर, डॉक्टर, भूल देणारे, पॅथॉलॉजी अशी तीन-चार वेगळी बिलं येतात, त्यातल्या एकानं बरोबर कोड लावला आणि दुसऱ्यानं नाही असं सर्रास होतं, तेव्हा सगळी तपासा. तरी नाही ऐकलं तर नकाराचं पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत अपील करता येतं.

एक मात्र नोटमध्ये आधी बघा. मिस्टरांनी नर्सला सहज म्हणून सांगितलं असेल की कधीमधी रक्त पडतं, आणि डॉक्टरांनी इंडिकेशनमध्ये तेच लिहिलं असेल, तर ती स्क्रीनिंग नव्हती, लक्षणासाठी केलेली तपासणी होती, आणि तसं असेल तर कोड बदलून मागू नका. खरं होतं ते लिहिलंय. खरं नसेल तर डॉक्टरांना दुरुस्ती मागा, पण बिलासाठी इंडिकेशन बदलणं हा तिकडं फ्रॉड धरतात.

प्रश्न : झेड८६.०१० आता इनव्हॅलिड दाखवतंय. आणि तीन वर्षांनी परत स्कोपला आलेल्या पेशंटला झेड१२.११ का झेड०९? आमच्या फ्लोअरवर यावरून दोन पार्ट्या पडल्यात. (पुणे)

१ ऑक्टोबर २०२४पासून तो कोड, म्हणजे पूर्वी पॉलिप होता या हिस्ट्रीचा, फुटला, आता सात कॅरेक्टरांपर्यंत जावं लागतं. पूर्वी अडेनोमा किंवा सेरेटेड पॉलिप होता तर झेड८६.०१०१, हायपरप्लास्टिक होता तर झेड८६.०१०२, दुसरा कुठला तर झेड८६.०१०९, आणि काहीच माहिती नसेल तर झेड८६.०१००. घरच्यांच्या हिस्ट्रीचा झेड८३.७१ त्याच्या एक वर्ष आधी, ऑक्टोबर २०२३ला असाच फुटला होता, तेव्हाच अंदाज यायला हवा होता की याचाही नंबर लागणार.

ही फोड मला तरी पटते. एक-दोन छोटे ट्युब्युलर अडेनोमा असतील तर अमेरिकेतल्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे पुढची स्कोप ७ ते १० वर्षांनी, पण अडेनोमा १० मिमी किंवा मोठा असेल तर ३ वर्षांनी, आणि रेक्टम-सिग्मॉइडमधले छोटे हायपरप्लास्टिक असतील तर थेट १० वर्षांनी. मेडिकेअरचंही तसंच, अडेनोमाचा इतिहास असलेला पेशंट हाय रिस्क, त्याला २४ महिन्यांनी स्क्रीनिंग मिळतं, बाकीच्यांना १२० महिन्यांनी. पूर्वी दोघांनाही एकच झेड८६.०१० लागायचा. म्हणजे पहिल्या प्रश्नातल्या मॅडमचा के६३.५ तसाच गेला असता तर तीन वर्षांनी कोणीतरी हिस्ट्रीत झेड८६.०१०२ लावला असता आणि पेशंट भांडत बसला असता की मला डॉक्टरांनी लवकर बोलावलंय, इन्शुरन्स नाही का म्हणतोय.

आता तुमच्या पार्ट्या. कोडिंग क्लिनिकनं (आयसीडी कोडिंगचं अधिकृत सल्लापत्र) २०१७मध्ये सांगितलंय की सर्व्हेलन्स, म्हणजे पूर्वी पॉलिप निघालेल्यांची पुढची स्कोप, ही स्क्रीनिंगच, म्हणून झेड१२.११ आणि सोबत हिस्ट्रीचा कोड. मी त्या पार्टीत आहे. पण काही पेअर, म्हणजे क्लेमचे पैसे देणाऱ्या विमा कंपन्या, झेड०९ (उपचारानंतरच्या फॉलोअपचा कोड) पहिला मागतात, तेव्हा त्या पेअरची लेखी पॉलिसी फाइलला लावा आणि तसं करा. "आमच्या आधीच्या कंपनीत असंच करायचे" हे कारण ऑडिटमध्ये चालत नाही.

प्रश्न : अडेनोमा विथ हाय ग्रेड डिस्प्लेझिया आला तर कार्सिनोमा इन सिटू, डी०१.० लावायचा असं एका क्लासमध्ये शिकवलं. आणि "सेसाइल सेरेटेड लीजन" याचं काय? (नाशिक)

क्लासचे पैसे परत मागा. कोलनच्या अडेनोमात हाय ग्रेड डिस्प्लेझिया (पेशींतला बराच वाढलेला बिघाड) असला तरी तो डी१२च, पॅथॉलॉजिस्ट स्वतः कार्सिनोमा इन सिटू (जागच्या जागी असलेला कॅन्सर) लिहीत नाही तोवर डी०१.०कडे बघायचं पण नाही.

सेरेटेडचं जरा गुंतागुंतीचं. पूर्वी रिपोर्टमध्ये सेसाइल सेरेटेड अडेनोमा लिहायचे, अडेनोमा शब्द होता म्हणून डी१२ला कोणी हरकत घ्यायचं नाही. डब्ल्यूएचओच्या २०१९च्या वर्गीकरणानं नाव बदलून सेसाइल सेरेटेड लीजन केलं आणि अडेनोमा शब्दच गेला, इंडेक्स मात्र जुन्याच शब्दांवर चालतो. माझा सल्ला, तुमच्या क्लायंटच्या पॅथॉलॉजिस्टकडून एकदाच लेखी घ्या की ते लीजन म्हणतात तेव्हा त्यांना काय अभिप्रेत असतं, आणि ते सगळ्या टीमला सारखं लागू करा. प्रत्येक कोडरनं आपापलं ठरवणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

प्रश्न : आईची (वय ६१) कोलोनोस्कोपी करून पॉलिप काढला, सकाळी नेलं संध्याकाळी घरी. रिपोर्टमध्ये ट्युब्युलर अडेनोमा विथ लो ग्रेड डिस्प्लेझिया. डिस्चार्ज कार्डवर मात्र "ग्रोथ सिग्मॉइड कोलन" लिहिलंय. टीपीएची (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या एजन्सीची) क्वेरी आलीये, मॅलिग्नन्सी आहे का, त्रास कधीपासून होता, आणि वर म्हणतात की ही नुसती तपासणी आहे, क्लेम बसत नाही. शिवाय डिस्प्लेझिया वाचून आई घाबरलीये. (सातारा)

आधी आईंना सांगा की प्रत्येक अडेनोमात किमान लो ग्रेड डिस्प्लेझिया असतोच, त्याच्याशिवाय तो अडेनोमाच म्हणवला जात नाही. तो कॅन्सर नाही आणि तो आता आतड्यात पण नाही, काढलाय. पुढची स्कोप कधी ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आता कागद. तुमची गाडी अडलीये ती "ग्रोथ" या शब्दावर. आपल्याकडे डॉक्टर ग्रोथ लिहितात तेव्हा वाचणारा कॅन्सरचा संशय असंच धरतो, टीपीएमधल्या डॉक्टरनंही तेच धरलं. हॉस्पिटलमध्ये जाऊन डिस्चार्ज समरीला पुरवणी मागा, ज्यात सिग्मॉइड कोलनचा ट्युब्युलर अडेनोमा, बिनाइन, असं निदान असेल आणि प्रोसिजरच्या जागी "कोलोनोस्कोपिक पॉलिपेक्टॉमी, स्नेअरनं" किंवा जे खरं असेल ते लिहिलेलं असेल. नुसतं "कोलोनोस्कोपी" लिहिलं की क्लेम तपासणीच्या एक्सक्लूजनमध्ये ढकलला जातो, पॉलिसीत तो कोड एक्स्क्लूजन ०४ म्हणून छापलेला असतो. पॉलिप काढणं हे उपचार आहे, आणि बऱ्याच पॉलिसींच्या डे केअर यादीत कोलोनोस्कोपीतून गाठ काढणं असतं, तुमच्या यादीत आहे का ते बघा, असेल तर २४ तास अ‍ॅडमिट असण्याची अट लागत नाही.

क्लेम फॉर्मचा पार्ट बी हॉस्पिटल भरतं, त्यात आयसीडी-१०चा रकाना असतो. तिथं काय लिहिलंय ते एकदा डोळ्याखालून घाला. आपल्याकडे डब्ल्यूएचओची आवृत्ती चालते, पण सिग्मॉइडच्या अडेनोमाला तिथंही डी१२.५च. घाईत सी१८चा काहीतरी टाकलेला असेल, म्हणजे कॅन्सर, तर लगेच दुरुस्त करून घ्या, हा आकडा पुढं रिन्यूअलला आणि पोर्टिंगला त्रास देतो.

"कधीपासून त्रास होता" याचं उत्तर डॉक्टरांच्या पहिल्या ओपीडी पेपरशी जुळलं पाहिजे, म्हणून आधी तो पेपर काढा आणि मग उत्तर लिहा. आणि पॉलिसीला किती वर्षं झाली? बऱ्याच पॉलिसींमध्ये बिनाइन ट्यूमर, सिस्ट, पॉलिप यांना २४ महिन्यांचा वेटिंग पीरियड असतो (एक्स्क्लूजन ०२), तो संपला नसेल तर कागद कितीही चोख असले तरी उपयोग नाही. संपलेला असेल, किंवा जुन्या कंपनीतून पोर्ट करताना तेवढी वर्षं जमा झाली असतील, तर ते पत्रात सांगा. सगळं देऊनही नाकारलं तर लेखी कारण घ्या, आधी कंपनीच्या ग्रीव्हन्सकडे, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, साताऱ्याला पुण्याचं ऑफिस लागतं. वकील लागत नाही, फी नाही. हिस्टोपॅथॉलॉजीचा ओरिजिनल रिपोर्ट मात्र कोणालाही देऊ नका, झेरॉक्सवर सही-शिक्का घेऊन तीच द्या, पुढच्या स्कोपला डॉक्टर पहिला तोच मागणार आहेत.